देशादेशांच्या आयुर्मानाची तुलना करायचीय? मग आकडा आधी फोडून बघा

२०१९ साली अमेरिकेत सरासरी आयुर्मान होतं ७८.८ वर्षं आणि जपानमध्ये साधारण ८४.४. खर्चाचं बघाल तर अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास पैसा आरोग्यावर घालते आणि जपान ११ च्या आसपास. एवढं वाचलं की कुणीही म्हणणार, बघा, अमेरिकेची आरोग्यव्यवस्था फेल आहे. आणि दुसरा कुणीतरी लगेच म्हणणार की छे, तिथे लोक बंदुकीने आणि ड्रग्जने मरतात, त्यात हॉस्पिटलांचा काय दोष. मी रोज याच आकड्यांत काम करते आणि नवीन मुलं शिकायला आली की पहिल्याच आठवड्यात हा वाद होतोच होतो. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं असतं, पण किती खरं हे आकड्यांतून काढता येतं, आणि तेही फार अवघड गणित न करता. ज्यांना स्टॅटिस्टिक्स नुसतं कॉलेजपुरतं आठवतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक्सेल किंवा गूगल शीट येत असेल तर बास.

पायरी १ : हा आकडा नेमका काय सांगतो ते समजून घ्या

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पुढे सगळं चुकतं. आयुर्मान ७२ म्हणजे "लोक ७२ व्या वर्षी मरतात" असं नाही. एखाद्या वर्षात वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे जे मृत्युदर होते तेच दर आज जन्मलेल्या बाळाला आयुष्यभर लागू राहिले, तर ते सरासरी किती वर्षं जगेल, एवढंच तो सांगतो. ते भविष्य नाही, त्या एका वर्षाचा फोटो आहे.

एक छोटं उदाहरण हाताने करून बघा. एका गावात १००० बाळं जन्मली, त्यातली २०० पहिल्याच वर्षात गेली (सरासरी अर्धं वर्ष जगली धरू) आणि उरलेली ८०० बरोबर ७० वर्षं जगली. एकूण वर्षं झाली १०० अधिक ५६,०००, भागिले १०००, आयुर्मान आलं ५६.१. आता समजा लसीकरण, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यामुळे पहिल्या वर्षात फक्त २० बाळं गेली आणि ९८० जण पूर्वीसारखेच ७० वर्षं जगले. आता येतं ६८.६. म्हणजे आयुर्मान साडेबारा वर्षांनी वाढलं पण म्हातारं माणूस एक दिवससुद्धा जास्त जगलेलं नाही.

माझी आजी ९१ वर्षांची होऊन गेली. तिला नऊ मुलं झाली, त्यातली चार मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली. त्या काळचं आयुर्मान कमी होतं असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला मोठा हिस्सा त्या चार जणांसारख्या पोरांचा असतो. त्यामुळे "पूर्वी लोक चाळिशीतच म्हातारे होऊन मरायचे" असं कुणी म्हणालं की मला आजी आठवते.

पायरी २ : आकडे कुठून घ्यायचे

फुकट आणि भरवशाचे सोर्स भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटना, वर्ल्ड बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग, या तिघांकडे जवळपास सगळ्या देशांचे आकडे मिळतात. श्रीमंत देशांच्या तुलनेसाठी ओईसीडीचा (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) आरोग्य डेटा चांगला, त्यात खर्च, डॉक्टरांची संख्या, मृत्यूची कारणं असं सगळं येतं. आणि खरं बारीक काम करायचं असेल तर ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस. तिथे साधारण ४० देशांच्या वर्षवार, वयवार लाइफ टेबल (कुठल्या वयाला किती जण जातात आणि किती उरतात याचे तक्ते) तयार मिळतात. रजिस्टर करावं लागतं, पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, सगळ्या देशांचे आकडे एकाच दर्जाचे नसतात. जपान, स्वीडन, ब्रिटन इथे प्रत्येक मृत्यूची नोंद होते. कितीतरी गरीब देशांत ती होत नाही, तिथे बालमृत्यूचे सर्व्हे घेऊन त्यावरून मॉडेलने आयुर्मान काढतात. आपल्याकडेसुद्धा देशाचं आणि राज्यांचं आयुर्मान येतं ते सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिममधून, म्हणजे निवडक गावं आणि शहरी भाग घेऊन, आणि ते पाच-पाच वर्षांच्या सरासरीने छापतात. त्यामुळे भारताचा ६९.४ हा २०१४-१८ चा आकडा स्वीडनच्या एका वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवताना खाली टीप लिहायचीच.

देश मिक्स करताना सोर्स मिक्स करू नका. एक देश वर्ल्ड बँकेतून, दुसरा विकिपीडियावरून, तिसरा बातमीतून असं केलं की अर्ध्या वर्षाचा फरक नुसता पद्धतीमुळेच येतो, आणि श्रीमंत देशांच्या यादीत अर्धं वर्ष म्हणजे पाच-सहा नंबर वरखाली. तसं पाहिलं तर नंबर हा प्रकारच सोडून द्यावा, वर्षांत किती फरक आहे ते बघावं.

पायरी ३ : वर्ष विचार करून निवडा

अमेरिकेचं आयुर्मान २०१९ ला ७८.८, २०२० ला ७७.०, २०२१ ला ७६.४, २०२२ ला ७७.५ आणि २०२३ ला ७८.४. तुम्ही २०२१ घेतलं तर तुम्ही कोविडची तुलना करताय. तीही तुलना करावी, पण वेगळी करावी. व्यवस्थेबद्दल बोलायचं असेल तर २०१७ ते २०१९ ची सरासरी घ्या आणि शेजारी सगळ्यात ताजं वर्ष ठेवा. आइसलँडसारखा पावणेचार लाखांचा देश असेल तर एकेका वर्षावर जाऊच नका, तिथे माणसंच इतकी कमी की आकडा आपोआप हलतो.

आणि स्त्री-पुरुष वेगळे घ्या, नेहमी. २०१९ ला जपानमध्ये बायकांचं ८७.४५ आणि पुरुषांचं ८१.४१ होतं. दोघांना एकत्र केलं की दारू, सिगारेट, अपघात यांची गोष्ट झाकली जाते.

पायरी ४ : एकदा तरी लाइफ टेबल स्वतःच्या हाताने करा

तयार मिळत असताना कशाला, असं वाटेल. पण एकदा केली की आकडा कुठून येतो ते कळतं आणि मग तो कुणी कसा फिरवतो तेही दिसायला लागतं. शीटमध्ये ओळी करा : ० वय, १ ते ४, मग ५ ते ९, १० ते १४ असं करत ८५ आणि पुढे. प्रत्येक ओळीत मृत्युदर, म्हणजे त्या वयाचे मृत्यू भागिले त्या वयाची लोकसंख्या.

समजा एका पाच वर्षांच्या गटात दर हजारी २ मृत्यू, म्हणजे ०.००२. मरण्याची शक्यता काढायला ५ गुणिले ०.००२ केलं, ०.०१ आलं. त्याला भागायचं १ अधिक २.५ गुणिले ०.००२ ने, म्हणजे १.००५ ने (२.५ का, तर मरणारे सरासरी गटाच्या मध्यावर गेले असं धरतो). उत्तर ०.००९९५. गटाच्या सुरुवातीला १ लाख माणसं होती तर त्यातली ९९५ गेली, ९९,००५ पुढच्या ओळीत गेली. या गटात सगळ्यांनी मिळून किती वर्षं जगली? उरलेल्यांनी पाच-पाच, गेलेल्यांनी अडीच-अडीच, एकूण ४,९७,५१२. असं प्रत्येक ओळीला, शेवटच्या ८५ च्या पुढच्या ओळीत उरलेली माणसं भागिले मृत्युदर, मग सगळ्या वर्षांची बेरीज खालून वर करत यायची आणि भागिले त्या वयाला जिवंत असलेली माणसं. पहिल्या ओळीत आलं ते जन्मावेळचं आयुर्मान, ६५ च्या ओळीत आलं ते पासष्टीनंतर सरासरी अजून किती वर्षं ते. पहिल्या वर्षाच्या ओळीत मात्र अर्धं वर्ष धरू नका, बरीचशी बाळं पहिल्या काही दिवसांतच जातात, त्यामुळे श्रीमंत देशासाठी ०.१ च्या आसपास धरतात.

पहिल्यांदा करताना तुमचं उत्तर छापील आकड्यापेक्षा थोडं वेगळं येईल, दशांशाच्या पुढे फरक असेल तर काळजी नको. दोन-तीन वर्षांचा फरक आला तर बहुतेक वेळा १ ते ४ चा गट पाच वर्षांचा धरलेला असतो किंवा शेवटची ओळ चुकलेली असते.

पायरी ५ : फरक वयात फोडा, मग कारणांत

सगळा जीव इथे आहे. दोन देशांची टेबलं झाली की अदलाबदल करा. अमेरिकेच्या टेबलात ० ते ४ या वयाचे दर काढून जपानचे घाला, आयुर्मान किती वाढलं ते लिहून ठेवा. परत मूळ दर घाला, मग १५ ते ४४ चे बदला. मग ४५ ते ६४, मग ६५ च्या पुढचे. याची नीट सूत्रं आहेत, आरियागाची पद्धत म्हणून ती शिकवतात, पण सुरुवातीला ही अदलाबदलच करा कारण डोळ्यासमोर आकडा हलताना दिसतो.

तरुण मृत्यू आयुर्मानाला किती ओढतात त्याचा अंदाज यावा म्हणून : दर १०० माणसांतला एक जण ८० ऐवजी ४० व्या वर्षी गेला तर आयुर्मान ०.४ वर्षाने उतरतं. शंभरातला एकच! अमेरिकेत २०२१ मध्ये ड्रग ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, बंदुकीने ४८ हजारांहून जास्त, रस्त्यावर ४२ हजारांहून जास्त, आणि यातले बहुतेक तरुण किंवा मध्यमवयीन. त्यामुळे "बंदुका आणि ड्रग्ज" म्हणणाऱ्याचं बोलणं हवेतलं नाही. पण म्हणून सगळा फरक त्यातच बसतो असंही नाही, हृदयविकार, डायबेटिस, बाळंतपणातले आणि बाळांचे मृत्यू यातही अमेरिका मागे आहे. बालमृत्यूबद्दल एक बचाव ऐकू येतो की अगदी कमी वजनाची बाळं काही देश जिवंत जन्मात मोजतच नाहीत. खरं आहे ते, पण फार लवकर जन्मलेली बाळं सगळ्यांच्याच हिशोबातून काढून तुलना केली तरी अमेरिका मागेच राहते.

अजून एक बघण्यासारखं. अमेरिकेचं मागे पडणं मुख्यतः पंचाहत्तरीच्या आधी दिसतं, ऐंशीच्या पुढच्या लोकांत ती बाकीच्यांशी बरोबरी करते असं बरीच वर्षं दिसत आलंय. तिथे पासष्टीनंतर जवळजवळ सगळ्यांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो, त्यामुळे "हे बघा विम्याचा परिणाम" असं म्हणायचा मोह होतो. थांबा. जे ऐंशीपर्यंत पोचले ते मुळातच दणकट असू शकतात, कमकुवत माणसं आधीच गेलेली असतात. दोन्ही गोष्टी एकत्र चालू असतात आणि नुसत्या आयुर्मानावरून त्या वेगळ्या होत नाहीत.

पायरी ६ : "व्यवस्था" म्हणजे काय ते लिहून काढा

ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, टॅक्सच्या पैशावर चालते. जर्मनीत १८८३ पासून बिस्मार्कच्या काळातला आजार-विमा, मालक आणि कामगार दोघं भरतात. कॅनडात सरकार पैसे देतं पण डॉक्टर बहुतेक खासगी. जपानमध्ये १९६१ पासून सगळ्यांना विमा. अमेरिकेत तर एकाच देशात चार व्यवस्था, नोकरीचा विमा, म्हाताऱ्यांना मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड, आणि माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं. "सरकारी विरुद्ध खासगी" असे दोनच डबे केले तर यातलं काहीच नीट बसत नाही.

पायरी ७ : व्यवस्था तीच, माणसं वेगळी

अमेरिकेच्या आतच बघा. २०१९ ला तिथल्या आशियाई लोकांचं आयुर्मान ८५.६, हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले) ८१.९, गोरे ७८.८, कृष्णवर्णीय ७४.८. देश एक आणि फरक जवळपास अकरा वर्षांचा. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी आपली मराठी मंडळी त्या ८५.६ च्या गटात मोजली जातात, आणि हे लोक अमेरिकन हॉस्पिटलांमुळे जपानपेक्षा जास्त जगतात असा अर्थ काढला तर चूक. शिकलेली, धडधाकट माणसंच देश सोडून तिकडे जातात, शिक्षण, पगार, सिगारेट कमी, हे सगळं त्यात आहे.

आपल्याकडेही तसंच, २०१४-१८ मध्ये केरळ ७५.३, महाराष्ट्र ७२.५, उत्तर प्रदेश ६५.३. केरळ आणि उत्तर प्रदेशात दहा वर्षांचा फरक, आणि त्यात दवाखाने आहेतच पण मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, पाणी, संडास हेही आहे.

उलटं उदाहरण रशियाचं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९४ मध्ये तिथल्या पुरुषांचं आयुर्मान ५८ च्याही खाली गेलं. दवाखाने एका रात्रीत बंद झाले नव्हते. दारू, बेकारी, हिंसा, हार्ट अटॅक यांनी ते खाली नेलं.

पायरी ८ : रिग्रेशन करताना

बरेच जण ओईसीडीचे ३८ देश घेतात, एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला आयुर्मान आणि त्या बिंदूंना सगळ्यात जवळून जाणारी रेघ मारतात, हेच रिग्रेशन. करा, पण खर्चाचा लॉग घ्या, कारण गरीब देशाला पहिले शंभर डॉलर जेवढे उपयोगी पडतात तेवढे श्रीमंत देशाला पडत नाहीत. उत्पन्न आणि आयुर्मानाचा हा वाकत जाणारा आलेख सॅम्युअल प्रेस्टनने १९७५ मध्ये दाखवला होता. डॉलर नुसते घेऊ नका, तिथल्या महागाईप्रमाणे जुळवलेले घ्या. आणि रेघ दोनदा मारा, एकदा अमेरिकेसकट आणि एकदा तिला काढून. एकट्या बिंदूमुळे रेघेचा उतार किती बदलतो ते बघून नवीन मुलं दर वेळी चमकतात. ३८ बिंदूंवर सात-आठ घटक टाकू नका, तीन-चार खूप झाले.

आणि एक फसवा सापळा. "अपघात आणि खून वजा केले तर अमेरिका पहिली येते" असा तक्ता नेटवर फिरतो. ज्या तक्त्यात असं निघतं तो उघडून बघा की मांडलेला आकडा खरा मोजलेला आहे की रिग्रेशनने दिलेला अंदाज. मॉडेलमध्ये दरडोई उत्पन्न आणि अपघातांचा दर घातला, अपघात सगळ्यांना सारखे धरले आणि मग मॉडेलचा अंदाज छापला, तर त्या यादीत उरतं काय? फक्त उत्पन्न. जो देश श्रीमंत तो वर. त्या देशातली माणसं प्रत्यक्षात अंदाजापेक्षा किती कमी-जास्त जगली तो उरलेला फरकच गाळला जातो, आणि आपल्याला तर नेमका तोच हवा होता. अपघात खरंच वजा करायचे असतील तर पायरी ४ च्या टेबलात त्या कारणाचे मृत्यू काढून परत आयुर्मान काढा, सरळ काम आहे.

पायरी ९ : "पाच वर्षं जगले" या आकड्यापासून सावध

२००७ मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी प्रचारात म्हणाले की प्रोस्टेट कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडमध्ये फक्त ४४. पण लोकसंख्येच्या मानाने त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. मग? अमेरिकेत रक्ततपासणी करून आजार फार लवकर पकडायचे. समजा एक माणूस ७० व्या वर्षी जाणार आहे, आजार ६७ ला कळला तर तो पाच वर्षं जगला नाही, ६० ला कळला तर जगला. मरण त्याच दिवशी, घड्याळ फक्त आधी सुरू केलं. त्यात कधीच त्रास न देणारे बारीक कॅन्सरही सापडतात आणि ते सगळे वाचलेल्यांत मोजले जातात. त्यामुळे देशांची तुलना करताना दर लाख लोकसंख्येमागे, वय जुळवून, मृत्यू किती ते बघा.

पायरी १० : व्यवस्थेच्या जवळ जाणारे आकडे

आयुर्मानात व्यवस्थेचा हिस्सा वेगळा काढणं कठीण, म्हणून त्याच्या शेजारी "उपचाराने टाळता आले असते असे मृत्यू" हा आकडा ठेवा. पंच्याहत्तरीच्या आत अपेंडिक्स, न्यूमोनिया, स्तनाचा कॅन्सर, बाळंतपण अशा कारणांनी झालेले मृत्यू, जे वेळेवर आणि नीट उपचार मिळाले तर बरेचसे टळतात. ओईसीडी हे छापते. यातही अमेरिका बाकी श्रीमंत देशांच्या मागे आहे, आणि इथे बंदुका मोजलेल्याच नसतात, त्यामुळे माझ्या मते पहिल्या वादाला हा आकडा सगळ्यात चांगलं उत्तर देतो.

दुसरं, उंची बघण्याऐवजी चाल बघा. १९८० ला अमेरिका आणि ब्रिटन दोघंही ७४ च्या जरा खाली होते. २०१९ ला ब्रिटन ८१ च्या पुढे, अमेरिका ७८.८. पण ब्रिटनची वाढसुद्धा २०११ नंतर मंदावली, आणि एनएचएस तर तीच होती.

तिसरं, जिथे व्यवस्था बदलली आणि माणसं तीच राहिली असे प्रसंग शोधा. १९९० ला जर्मनी एक झाली तेव्हा पूर्वेकडचे लोक पश्चिमेपेक्षा काही वर्षं कमी जगत होते. नंतर बायकांमधला फरक जवळपास मिटला, पुरुषांमधला उरला. विमा आणि हॉस्पिटलं दोघांना एकच मिळाली होती. तैवानने १९९५ ला, थायलंडने २००२ ला सगळ्यांना आरोग्यविमा दिला, तिथेही आधी-नंतर बघता येतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २००८ ला गरिबांसाठीचा मेडिकेड लॉटरीने वाटला. दोन वर्षांनी बघितलं तर विमा मिळालेल्यांमध्ये पैशाची ओढाताण आणि नैराश्य कमी झालेलं, पण ब्लड प्रेशरमध्ये ठळक फरक नाही. विमा हातात आला म्हणजे दोन वर्षांत आयुर्मान वाढेल ही अपेक्षाच चुकीची, पण औषधासाठी कर्ज काढावं न लागणं हीसुद्धा व्यवस्थेचीच कमाई आहे, आणि ती आयुर्मानात कुठेच दिसत नाही.

शेवटी लिहायला बसाल तेव्हा

"जपानची व्यवस्था अमेरिकेपेक्षा ५.६ वर्षांनी चांगली" असं लिहू नका. असं लिहा : २०१९ मध्ये दोन देशांत ५.६ वर्षांचा फरक होता, त्यातली इतकी वर्षं ६५ च्या आधीच्या मृत्यूंमुळे, त्यातली इतकी अपघात, ड्रग्ज आणि हिंसेमुळे, इतकी हृदयविकारामुळे, आणि उपचाराने टळणारे मृत्यू अमेरिकेत दर लाखामागे इतके जास्त. "इतकी"च्या जागी तुमच्या शीटमधले आकडे भरा, खाली वर्ष आणि सोर्स टाका, आणि शीट उघडी ठेवा म्हणजे दुसऱ्याला ओळ न ओळ तपासता येईल.